थांबायचा सांगावा

मित्रांनो, मी एक जुना रोहू आहे. तळ्यातल्या माशाचे आयुष्य बहुधा एका हंगामाचे असते. बोटभर पिल्ले, म्हणजे बोटुकली, म्हणून यायचे, कोंडा-पेंड खाऊन वाढायचे आणि एका सकाळी सांगलीच्या बाजाराकडे निघायचे. मी मात्र मागे राहिलो. माझ्या डाव्या कुशीवर एक जागा आहे, तिथे खवले पुन्हा उगवले नाहीत. ती जागा मला कशी मिळाली आणि त्या वेळी माझ्या अंगात काय चालले होते, हे तुम्हाला सांगावे असे फार दिवस मनात आहे.

माझे तळे पलूसच्या अलीकडे, कृष्णाकाठच्या एका गावात आहे. तळ्याच्या जागी पूर्वी ऊस होता. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले लालासाहेब या रानाचे मालक. त्यांच्या वडिलांनी आणि मग त्यांनी स्वतः त्या काळ्या रानाला इतके पाणी पाजले की रानच आजारी पडले. उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरे मीठ फुटू लागले. ऊस गुडघ्याएवढा व्हायचा आणि पिवळा पडायचा. शेवटी त्या तुकड्यात तळे खणले. क्षारपड रानात पीक येत नाही, पण मासा येतो.

मी आणि माझी भावंडे हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून टेम्पोत हिंदकळत आलो. आल्या आल्या आम्हाला सोडले नाही. पिशव्या तशाच तळ्यावर तरंगत ठेवल्या. आतले आणि बाहेरचे पाणी सारखे गार होईपर्यंत थांबावे लागते. लालासाहेबांना ते बघवेना.

"सोडा की वो," ते टेम्पोवाल्याला म्हणाले. "पोरं गुदमरत्यात आत."

"हवालदार, जरा दमानं. आता सोडली तर गारठून मरत्याल."

ते थांबले, पण काठावर येरझाऱ्या घालत राहिले. त्यांचा स्वभावच तसा आहे. डोळ्यांसमोर कुणाला त्रास होत असला की हात बांधून बसणे त्यांना जमत नाही.

त्या तळ्यात आम्ही तीन जातींचे मासे राहत होतो. वरच्या पाण्यात कटला, मधल्या पाण्यात आम्ही रोहू आणि तळाशी चिखल हुंगत फिरणारे मृगळ. सकाळी लालासाहेब शिट्टी वाजवायचे आणि भाताचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड भिजवून टाकायचे. शिट्टी ऐकली की आम्ही सगळे काठाकडे धावायचो. "पलटण हजर," ते म्हणायचे आणि लहान मुलासारखे हसायचे. माझ्या बरोबर खाली राहून खाणारा एक मृगळ होता; जाळे आले की तो चिखलात शिरून दरवर्षी निसटायचा. माझ्या तोंडातून जे सुटायचे ते त्याच्या तोंडात पडायचे. आमची मैत्री एवढ्यावरच झाली, पण ती पक्की होती.

मी जुना कसा झालो, तेही सांगतो. लालासाहेबांच्या पत्नी मनुबाई यांचा एक नेम होता. पहिल्या ओढीत जाळ्यातून जो मासा पहिला हाताला लागेल, त्याला हळदीचे बोट लावून तळ्यात परत सोडायचे. तळ्याने दिले, त्यातले पहिले तळ्याचे. आता जाळे नेहमी पंपाच्या कोपऱ्यातून टाकले जायचे, आणि नदीचे ताजे पाणी त्याच कोपऱ्यात पडत असल्यामुळे मी तिथेच असायचो. दरवर्षी पहिला मीच सापडायचो.

"ह्यो मुद्दाम म्होरं येतोय," लालासाहेब कुरकुरायचे. "ह्याला हळदीची चटक लागलीया."

"येऊ दे की. म्हातारा हाय आपला," मनुबाई म्हणायच्या. तेव्हापासून माझे नाव म्हातारा पडले.

पुढे आम्रपाली आली. ती गावातल्याच मिलिंद यांची मुलगी. सांगलीला महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि माशांवर संशोधन करते. तिला आमच्या रक्ताचे थेंब हवे होते. लालासाहेबांनी परवानगी दिली, पण चौकशी केल्याशिवाय नाही.

"नेमकं काय शोधतीस पोरी?"

"माशाला जखम झाली की त्याच्या अंगातल्या पेशी लढायला धावतात, तात्या. त्यांना धाडतं कोण आणि थांबवतं कोण, ते बघतेय."

"माशाच्या अंगात फौज?" लालासाहेब खूश झाले. "रेजिमेंट कुठली?"

आम्रपाली हसली आणि काठावरच बसून तिने समजावले. पाण्यात आवाज चांगला पोचतो, त्यामुळे माझ्या स्वतःच्या अंगाबद्दल मला जे काही ठाऊक आहे, ते त्या दिवशी समजले. जखम झाली की तिथल्या पेशी अगदी बारीक प्रथिने सोडतात. ती रक्तातून सांगावा नेतात, की इकडे या. मग पांढऱ्या पेशी गर्दी करतात आणि जंतूंना गिळतात. जागा लाल होते, फुगते. त्यालाच आपण सूज म्हणतो. काम झाले की दुसरी प्रथिने सुटतात. त्यांचा सांगावा उलटा असतो, की आता बास, मागे फिरा.

"आनि ते दुसरं आलंच न्हाई तर?" मनुबाईंनी विचारले.

"तर जंतू संपले तरी पेशी थांबत नाहीत, काकी. मग त्या माशाचंच मांस जाळायला लागतात."

"आगं बया. नाव काय त्या दुसऱ्याचं?"

"बरीच आहेत. त्यातलं एक इंटरल्युकिन-दहा."

"धा नंबर म्हना की सरळ," मनुबाई म्हणाल्या, आणि आमच्या तळ्यावर ते नाव कायमचे ठरून गेले.

रक्त घेताना ती मला लवंगेचे तेल मिसळलेल्या पाण्यात ठेवायची. त्याने गुंगी येते. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मनुबाईंनी पदर नाकाला लावून विचारले होते, "म्हाताऱ्याची दाढ दुखतीया का काय?" मग शेपटीजवळच्या शिरेतून थोडे रक्त. जाग यायची तेव्हा मी पुन्हा तळ्यात असायचो.

असे बरे चालले असताना एक थंडी आली. मासे किती वाढले ते बघायला म्हणून लालासाहेबांनी जाळे ओढले. जाळे गाठीचे होते, नायलॉनचे, कडक. थंडीत आमची कातडी तशीही नाजूक होते. कित्येकांचे खवले खरवडले गेले. मला डाव्या कुशीवर लागले. तळ्याच्या पाण्यात जंतू कायमच असतात. अंगावरचा बुळबुळीत थर आणि खवले शाबूत आहेत तोवर ते काही करू शकत नाहीत. आता त्यांना दार उघडे मिळाले. काही दिवसांत आमच्या अंगांवर लाल गाठी उठल्या. माझी कूस फुगली आणि ठणकू लागली.

आम्रपालीने येऊन पाहिले. खाणे थोडे दिवस बंद ठेवा, नदीचे पाणी सोडत राहा, पाण्यात चुना मारा, मेलेला मासा लगेच काढा आणि जाळे अजिबात लावू नका, असे तिने सांगितले.

"मिठाचं पाणी द्यायला लागंल का?" लालासाहेबांनी विचारले. "रान खरवडून पोतं भरतो की."

"नको तात्या. दुसरं काहीही घालू नका. थंडीत माशाच्या अंगात सांगावा हळू जातो. वेळ लागेल. सूज दिसली म्हणून घाबरायचं नाही."

पण ती सांगलीला परतली आणि सूज काठावरून रोज दिसत राहिली. लालासाहेब शिट्टी न वाजवता यायचे आणि आमच्याकडे बघत उभे राहायचे. अशातच त्यांचे मित्र नानासो आले. नानासो डेअरीवर दुधाचे माप घेतात आणि गावातल्या म्हशींना इंजेक्शनेही टोचतात. त्यांचेही एक तळे आहे.

"म्हशीची कास सुजली तर काय करतोस रं?" नानासो म्हणाले. "बसून ऱ्हातोस? ह्या गोळ्या घे. सूज उतरायच्याच हाईत. कुटून पेंडीत कालीव."

"पोरगी नगं म्हनाली."

"पोरगी सांगलीत हाय. मासं हितं सुजल्यात."

लालासाहेबांनी गोळ्या कुटल्या आणि पेंडीत कालवून टाकल्या. आम्ही उपाशी होतो, अधाशासारखे खाल्ले. मित्रांनो, खरे सांगतो, मला फार बरे वाटले. ठणका गेला. सूज बघता बघता उतरली. लाल गाठी फिक्या पडल्या. लालासाहेबांनी पुन्हा शिट्टी वाजवली, मनुबाईंनी नानासोंना चहा पाजला.

आणि मग मासे मरू लागले.

आधी दोन कटले उताणे तरंगले. मग रोज कुणी ना कुणी. अंगावर सूज नव्हती, पण जखमांच्या आत मांस पोखरून गेले होते. एका सकाळी तळाशी माझा मृगळ दिसला नाही. शोधले, तर तो पाणवेलींच्या मुळांशी तिरका पडला होता. त्याचे कल्ले हलत होते. मी त्याच्याजवळ थांबलो. दुपारपर्यंत कल्लेही थांबले.

आम्रपाली आली ती थेट काठावर. मेलेला मासा हातात घेऊन तिने जखम बघितली आणि वर मान केली.

"तात्या, काय घातलंत?"

लालासाहेब खोटे बोलत नाहीत. त्यांनी सांगितले.

"माझ्या खलबत्त्यात कुटल्या व्हय?" मनुबाईंनी कपाळावर हात मारला. "तरीच आमटी कडू लागली परवा!"

कुणी हसले नाही. आम्रपाली रागावली होती, पण आवाज तिने चढवला नाही. "त्या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, तात्या. बोलावणाऱ्या प्रथिनांचं तोंड बंद होतं. पेशींना सांगावाच गेला नाही, म्हणून सूज उतरली. सूज हा आजार नव्हता. माशाचं अंग लढत होतं, ती सूज होती."

लालासाहेब खाली बसले. मग त्यांनी पायाखालची पांढरट माती बोटाने उकरली.

"ह्या रानाचं आसंच झालं," ते म्हणाले. "तवा पान्याचं दार बंद करायचं कुनाला सुचलं न्हाई, रान खारं झालं. आता मासं सुजलं, तर मी अंगातल्या फौजंला दारच उघडू दिलं न्हाई. दोन्ही येळंला घाई माझीच."

"तेच आहे तात्या," आम्रपाली म्हणाली. "दार उघडायलाही हवं आणि बंदही व्हायला हवं. माशाच्या अंगाला दोन्ही येतं. त्याला करू द्या."

नानासोंचा सल्ला वेगळा होता. "तळं उपसा आनि जेवढं हाय तेवढं इकून मोकळं व्हा."

"औषध पाजलेला मासा कुनाच्या ताटात घालू?" मनुबाई फणकारल्या. "तुमच्या घरी धाडू का दोन किलो?"

नानासोंनी टोपी नीट केली आणि विषय सोडला. गोळ्या बंद झाल्या. आता उरलेले आम्ही जगणार की सगळे तळे रिकामे होणार, एवढाच प्रश्न राहिला.

औषधाचा अंमल उतरला तशी सूज परत आली. या वेळी ती आधीपेक्षा मोठी होती. माझी कूस इतकी फुगली की मला सरळ पोहता येईना. मी पंपाच्या कोपऱ्यात, ताज्या पाण्याच्या धारेत तिरका लटकून राहायचो. आम्रपालीने पुन्हा रक्त नेले. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी नानासो मोटारसायकलवरून उतरले तेव्हा त्यांच्या हातात सुई होती.

"बाकीच्यांचं ऱ्हाऊ दे. पर म्हातारा तरी वाचवू. एक टोचलं की सूज बसंल बघ."

लालासाहेबांनी मला अलगद उचलून पाण्याच्या टपात घेतले. त्यांचा तळहात माझ्या पोटाखाली होता. सुई त्यांनी दुसऱ्या हातात घेतली. ते माझ्या कुशीकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. मला बोलता आले असते, तरी काय सांगावे ते मला ठाऊक नव्हते. ठणका असह्य होता. औषधाने तो जातो, हे मी गोळ्यांच्या वेळी अनुभवले होते. मृगळाचे काय झाले, तेही पाहिले होते.

"आवं, थांबा की," मनुबाई म्हणाल्या. "पोरीला इचारा तरी एकदा."

"इचारून ती न्हाईच म्हननार."

"म्हनू दे. मग टोचा."

फोन मनुबाईंनीच लावला आणि आवाज मोठा करून टपाच्या काठावर ठेवला.

"तात्या, मी आत्ताच बघत होते," आम्रपालीचा आवाज आला. "म्हाताऱ्याच्या रक्तात दहा नंबर वाढायला लागलाय."

"म्हंजी? जगंल व्हय त्यो?"

"ते मला सांगता येणार नाही, तात्या. एवढंच सांगते, त्याच्या अंगाने थांबायचा सांगावा स्वतःच धाडलाय. आता आपण मध्ये पडलो, तर लढाई अर्धी राहील आणि जंतूंचं फावेल."

लालासाहेबांनी सुई नानासोंच्या हातात परत दिली.

"मेला तर मला बोलू नगंस," नानासो म्हणाले.

"तुला कशाला बोलू? बोललो तर माझं मलाच."

त्यांनी टप तळ्यात कलता केला आणि मी हळूच पाण्यात उतरलो. नानासो गेले. लालासाहेब काठावर बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. सीमेवर बर्फात पहारा दिलेला तो माणूस, पण असे बसलेले मी त्यांना आधी कधी पाहिले नव्हते. त्यानंतर ते रोज येऊन तसेच बसत. मनुबाई भाकरी तिथेच आणून देत आणि स्वतःही टेकत.

"धा नंबर पोचला का वो कुशीत?" त्या विचारत.

"मला काय ठावं? मी काय पोस्टमन हाय?"

"मग पानी तरी बगा, पंप बंद पडलाय." की लालासाहेब उठून धावत. करायला काहीतरी मिळाले की त्यांना बरे वाटे.

सूज एकदम उतरली नाही. आधी ठणका कमी झाला. मग कुशीचा लालपणा कडेकडून फिका होऊ लागला. मेलेली कातडी सुटून गेली आणि खाली गुलाबी, ताजे मांस दिसले. एका सकाळी मी पंपाची धार सोडून तळ्याच्या मध्यापर्यंत गेलो आणि वळून परत आलो. लालासाहेब उभे राहिले. मनुबाईंनी सांगलीला फोन लावला आणि आम्रपालीला "हॅलो" म्हणायचीही सवड दिली नाही. "पोरी, म्हातारा सरळ पवतोय!"

आमच्यातले पुष्कळ वाचले, पुष्कळ गेले. मृगळाची जागा तळाशी रिकामीच राहिली. माझ्या तोंडातून सुटलेला कोंडा आता चिखलात पडतो, आणि तो पडताना मला त्याची आठवण येते.

पुढच्या थंडीत नानासोंची मोटारसायकल पुन्हा काठाशी थांबली. ते उतरले. खिशातून गोळ्यांचे पाकीट काढून हातातल्या हातात फिरवत राहिले.

"माझ्या तळ्यातलं मासं सुजल्यात," ते शेवटी म्हणाले. "घालनारच हुतो. म्हनलं, आधी तुला इचारावं."

"नवं पानी सोड," लालासाहेब म्हणाले. "खानं बंद कर. चुना मार. पोरीला फोन कर, ती येऊन बगंल. आनि मग काठावर बस."

"नुसता बसू?"

"नुसतं बसनं लय अवघड हाय गड्या." लालासाहेबांनी चपला पायांत सरकवल्या. "चल, मी येतो संगं बसाया."

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे जनावर, पाखरू किंवा काचेच्या भांड्यातला मासा आजारी पडला, तर त्याची सूज बघून घाबरू नका. म्हशीचे औषध माशाला आणि माणसाचे औषध मांजराला देऊ नका. जाणत्याला विचारा, त्याचे पाणी आणि त्याची जागा स्वच्छ ठेवा. त्याच्या अंगाला बोलावताही येते आणि थांबवताही येते. त्याला ते काम करू द्या. आणि ते काम चालू असेल तोवर त्याला एकटे सोडू नका.